रेशनच्या तांदळातले ‘प्लास्टिकचे’ दाणे

रेशनचा तांदूळ धुवायला घेतला की काही दाणे पाण्यावर येतात. रंगाने इतरांहून जरा वेगळे, आकाराने जरा जास्तच एकसारखे. तांदळात प्लास्टिक मिसळलंय ही ओरड गावोगावी झाली ती यातूनच. दोष व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलणं सोपं आहे, पण तांदूळ निवडणाऱ्या बाईची नजर चुकलेली नव्हती. ते दाणे खरोखरच शेतात पिकलेले नसतात, कारखान्यात घडवलेले असतात. फक्त ते प्लास्टिकचे नसतात.

तांदळाचं किंवा कणीचं पीठ घेतात. त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 जीवनसत्त्व यांचं मिश्रण घालून पाणी आणि वाफेवर मळतात. हा गोळा एक्स्ट्रूडर नावाच्या यंत्रातून दाबून बाहेर काढतात. आपल्या सोऱ्याचाच हा थोरला भाऊ. फक्त इथे तोंडाशी फिरतं पातं असतं आणि ते तांदळाएवढे तुकडे पाडत जातं. तुकडे वाळवले की दाणे तयार. साध्या 100 किलो तांदळात असे 1 किलो दाणे मिसळले की झाला सरकारी भाषेतला ‘गुणसंवर्धित’ तांदूळ.

पिठापासून पुन्हा घडवलेला दाणा शेतातल्या दाण्याइतका घट्ट नसतो, म्हणून तो तरंगतो. भाताचा गोळा करून आपटला तर उसळतो, हा पुरावाही कामाचा नाही. तांदळातल्या पिष्टामुळे कुठलाही मऊ, चिकट भात तसा उसळतो. जाळून पाहिलं तर प्लास्टिक वितळून थेंब गळतात. हा दाणा इतर धान्यासारखा करपून कोळसा होतो. शिवाय भेसळ करणारा फायद्यासाठी भेसळ करतो, आणि प्लास्टिकचा कच्चा माल साध्या तांदळापेक्षा महाग पडतो.

अफवेचं खरं नुकसान सुपात होतं. वेगळे दिसणारे दाणे वेचून टाकले की उरतो तो साधा तांदूळ. ज्याच्यासाठी खटाटोप केला तेच कोंबड्यांपुढे जातं. पोषकद्रव्यं दाण्याच्या पोटात असतात, त्यामुळे नेहमीसारखं धुतल्याने ती निघून जात नाहीत. धुताना पाण्याबरोबर दाणेच वाहून जाऊ नयेत, एवढं पाहिलं की पुरे.

दुसरा गैरसमज शिकलेल्या माणसांचा आहे, आणि मला तो पहिल्याइतकाच खटकतो: हा तांदूळ खाल्ला की रक्तक्षय हटणार. पहिल्या अफवेची निदान चौकशी तरी झाली. आधी हिशेब पाहू. नियमानुसार अशा 1 किलो तांदळात 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे 100 ग्रॅम तांदळातून मिळालं तीन-चार मिलिग्रॅम. आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीची रोजची गरज आहे 29. त्यात लोहाचा प्रकारही आडवा येतो. सहज शोषलं जाणारं लोह तांदळाचा रंग आणि चव बिघडवतं, म्हणून फेरिक पायरोफॉस्फेट हे फिकट रंगाचं, बेचव संयुग वापरतात. ते दिसत नाही, पण शरीरही ते कमीच शोषतं. जेवणात लिंबू पिळलं तर शोषण सुधारतं; जेवणावर लगेच चहा घेतला तर घटतं.

वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2019 मध्ये या विषयावरच्या प्रयोगांचा आढावा घेतला. अशा तांदळाने रक्तक्षयाचा धोका कदाचित फारसा कमी होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. रक्तक्षयामागे जंत, मलेरिया, पाळीतला अतिरक्तस्राव आणि एकूणच निकृष्ट आहार अशी अनेक कारणं असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. एवढं ओझं एका किलोमागच्या दहा ग्रॅम दाण्यांवर टाकता येत नाही. तरीही ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्राने रेशनवर हा तांदूळ देण्याची योजना डिसेंबर 2028 पर्यंत वाढवली, 17,082 कोटी रुपयांच्या खर्चासह.

मग हा तांदूळ धोक्याचा आहे का? निरोगी माणसाला या मात्रेतल्या लोहाने अपाय होण्याचं कारण नाही. प्रश्न होता थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या रुग्णांचा. विशेषतः वारंवार रक्त घ्यावं लागणाऱ्यांच्या शरीरात लोह आधीच साठत जातं. अशा रुग्णांसाठीची सूचना पाकिटांवर छापणं पूर्वी बंधनकारक होतं. पुरेसा पुरावा नाही म्हणून 2024 मध्ये ती अट काढण्यात आली. गडचिरोली, नंदुरबारसारख्या सिकलसेल असलेल्या जिल्ह्यांत मात्र रुग्णाने आपल्या डॉक्टरांना विचारलेलं बरं.

पण विचारायचं कशाच्या आधारे? निळं ‘प्लस एफ’ चिन्ह आणि पोषकद्रव्यांची माहिती छापलेली असते गोणीवर. गोणी दुकानातच राहते. घरी जातो तो पिशवीतला सुटा तांदूळ, आणि त्यावर काहीच लिहिलेलं नसतं.