हाताची किंमत

१९९६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाच्या एका तरुण खेळाडूचे नशीब एका छायाचित्राने फिरवले. आर. ए. डिकी हा बेसबॉलचा पिचर, म्हणजे क्रिकेटमध्ये गोलंदाज जे काम करतो ते करणारा. टेक्सास रेंजर्स या व्यावसायिक संघाने त्याला पहिल्याच फेरीत निवडले होते आणि ८ लाख १० हजार डॉलर देऊ केले होते. त्याच सुमारास ऑलिम्पिक संघातील पिचरांचे छायाचित्र एका बेसबॉल मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. त्यात डिकीचा उजवा हात कोपरात किंचित वाकलेला, जरा विचित्र लोंबत होता. संघाच्या वैद्यकीय पथकाला शंका आली. तपासणीत दिसले ते धक्कादायक होते. कोपराच्या आतल्या बाजूचा जो अस्थिबंध पिचरचा प्राण मानला जातो, तो डिकीच्या कोपरात नव्हताच. दुखापत नाही, वेदना नाहीत, पण अस्थिबंधच नाही! देऊ केलेली रक्कम एकदम ७५ हजार डॉलरवर आली.

महाविद्यालयात खेळणारा एखादा पिचर पुढे व्यावसायिक खेळात टिकेल का, हे ठरवण्यासाठी अमेरिकेत दरवर्षी मोठा खटाटोप चालतो. १९६५ पासून तिथे ‘ड्राफ्ट’ची पद्धत आहे. त्यात संघ पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात. त्याआधी संघांचे पारखी मैदानोमैदान फिरतात. चेंडूचा वेग, त्याची वळणे, अचूकता अशा प्रत्येक गुणाला ते २० ते ८० या मोजपट्टीवर गुण देतात. यात ५० म्हणजे व्यावसायिक खेळातली सरासरी. आता रडार आणि वेगवान कॅमेरे चेंडू मिनिटाला किती गिरक्या घेतो हेही सांगतात. गिरक्या जितक्या जास्त आणि योग्य दिशेने, तितका हवेत चेंडूचा मार्ग बदलतो आणि फलंदाज फसतो.

या सगळ्यात भाव खातो तो वेग. पिचर आणि फलंदाज यांच्यात साधारण साडेअठरा मीटर अंतर असते. ताशी १६० किलोमीटर वेगाचा चेंडू ते सुमारे ०.४ सेकंदात कापतो. फलंदाजाला विचार करायला वेळच उरत नाही. साहजिकच जास्त वेगाला जास्त पैसे. पण हा वेग येतो कुठून आणि त्याची किंमत शरीराचा कोणता भाग मोजतो, हे पाहिले की वैद्यकीय तपासणीला एवढे महत्त्व का, ते कळते.

चेंडू फेकताना शरीर गोफणीसारखे काम करते. पायांनी जमिनीला दिलेला रेटा कमरेत, तिथून धडात, मग खांद्यात आणि शेवटी बोटांत पोहोचतो. खांदा आधी मागे पिळला जातो आणि मग विलक्षण वेगाने पुढे फिरतो. हा मानवी शरीरातील सर्वांत वेगवान हालचालींपैकी एक. याच क्षणी कोपर आतल्या बाजूने उघडू पाहते. त्याला धरून ठेवतो तो दंडाच्या हाडापासून कोपराखालच्या हाडापर्यंत गेलेला, बोटाच्या पेराएवढा अस्थिबंध. प्रयोगशाळेतील मोजमापांनुसार व्यावसायिक पिचरच्या कोपरावर या वेळी पडणारा ताण म्हणजे कोपरापासून एक फुटावर सुमारे २१ किलो वजन आडवे टांगण्यासारखे. मृतदेहांवरील चाचण्यांत नुसता अस्थिबंध याच्या साधारण निम्म्या ताणाला तुटतो. उरलेला भार हाताच्या पुढच्या भागातील स्नायू उचलतात. हे स्नायू थकले की तो भार अस्थिबंधावर येतो.

म्हणजे संघ ज्या गुणासाठी पैसे मोजतात, तोच गुण हात झिजवतो. २००८ मध्ये अमेरिकेच्या प्रमुख स्पर्धेत वेगवान चेंडूची सरासरी ताशी सुमारे १४७ किलोमीटर होती. २०२४ मध्ये ती १५१ च्या पुढे गेली. या काळात कोपराच्या शस्त्रक्रियाही वाढल्या. ही शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केली आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. बहुधा मनगटाजवळची एक बारीक कंडरा काढून ती तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी हाडांत छिद्रे पाडून ओवतात. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट वाकवले तर बहुतेकांना ही कंडरा त्वचेखाली उठून दिसेल. काही जणांना ती जन्मतःच नसते आणि त्यांचे काहीही अडत नाही. पुन्हा पूर्ण ताकदीने खेळायला एक ते दीड वर्ष लागते.

मग एमआरआय काढून धोका आधीच ओळखता येणार नाही का? इथे एक मेख आहे. अमेरिकेतील नामवंत अस्थिशल्यविशारद डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी कोणतीही तक्रार नसलेल्या ३१ व्यावसायिक पिचरांच्या खांद्यांचे एमआरआय काढून पाहिले. ९० टक्के खांद्यांमध्ये कूर्चेत आणि ८७ टक्क्यांमध्ये कंडरांमध्ये दोष दिसले. हे सगळे उत्तम खेळत होते! वर्षानुवर्षे फेक केलेल्या हातात बदल होणारच. त्यातला कोणता बदल म्हणजे शरीराने केलेली तडजोड आणि कोणता म्हणजे येऊ घातलेली दुखापत, हे नुसत्या चित्रावरून ठरत नाही. त्यासाठी खांदा किती फिरतो, दोन्ही हातांत फरक किती, कमरेची आणि पायांची ताकद किती, पूर्वी कधी दुखले होते का, हे हाताने तपासून आणि नीट विचारूनच कळते.

स्टीफन स्ट्रासबर्गचे उदाहरण बोलके आहे. २००९ मध्ये महाविद्यालयातून आलेला हा पिचर सर्वांत पहिला निवडला गेला. दीड कोटी डॉलरहून मोठा करार झाला. पुढच्या जूनमध्ये पदार्पणातच त्याने १४ फलंदाज बाद केले आणि सप्टेंबरमध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली. तो परतला, २०१९ च्या अंतिम मालिकेत सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याला सात वर्षांसाठी २४ कोटी ५० लाख डॉलर मिळाले. त्यानंतर तो फक्त आठ सामने खेळू शकला. गळपट्टीच्या हाडाजवळ नसा दबण्याच्या विकाराने त्याची कारकीर्द संपवली.

उलट कुमार रॉकरचे. त्याचे आजोळ मूळचे भारतातले. २०२१ मध्ये एका संघाने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडले, पण वैद्यकीय अहवाल पाहून करार केला नाही. वर्षभरात दुसऱ्या संघाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले. पुढे खरोखरच कोपराची शस्त्रक्रिया करावी लागली, तरीही २०२४ मध्ये तो प्रमुख स्पर्धेत उतरला. पहिला संघ चुकला की दुसरा? दोघांनी एकाच हाताकडे पाहिले. एकाने धोका नाकारला, दुसऱ्याने पत्करला.

तपासणीच्या खोलीत नव्हे, तर त्याच्या बऱ्याच आधी हात वाचवता येतो. किशोरवयीन पिचरांच्या एका अभ्यासात, वर्षातून आठ महिन्यांपेक्षा जास्त फेक करणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट आढळली. हात थकलेला असतानाही नेहमी फेकणाऱ्यांमध्ये ती ३६ पट होती. म्हणून अमेरिकेत आता वयानुसार दिवसाच्या फेकींवर मर्यादा सुचवल्या आहेत. ११-१२ वर्षांच्या मुलांसाठी ती ८५ आहे आणि वर्षातले चार महिने फेक बंद ठेवण्याचा सल्ला आहे. निवडीच्या वेळी संघाच्या डॉक्टरांनी विचारायचा सर्वांत उपयुक्त प्रश्न कदाचित हाच असेल: ‘बाराव्या वर्षी तू वर्षातून किती महिने फेकत होतास? आणि दुखत असताना कोणाला सांगितलेस का?’

डिकीने ७५ हजार डॉलर स्वीकारले. बरीच वर्षे तो दुय्यम स्पर्धांमध्ये घासत राहिला. तिशीच्या उंबरठ्यावर त्याने वेगाचा नाद सोडला आणि ‘नकलबॉल’ शिकला. हा चेंडू बोटांच्या टोकांनी, जवळजवळ गिरकी न देता सोडतात. तो हवेत डुलत जातो आणि त्याचा वेगही कमी असतो. २०१२ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, नॅशनल लीगमधील सर्वोत्तम पिचरसाठीचा साय यंग पुरस्कार त्याला मिळाला. १९९६ चा एमआरआय अहवाल अगदी बरोबर होता. अस्थिबंध तेव्हाही नव्हता, पुरस्कार घेतानाही नव्हता.