पिल्लांच्या टाकीसाठी स्पंज फिल्टर घेताना

डासांच्या अळ्या खाण्यासाठी मलेरियावाले विहिरीत गप्पी मासे सोडतात, ते आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्याच जातीचे रंगीत, मोठ्या शेपटीचे मासे दुकानात जोडीने विकले जातात. सांगलीतल्या माझ्या भाच्याने २०१८ साली घरीच त्यांची पैदास सुरू केली. मी साताऱ्याचा कापडवाला. भांडवल माझे होते, म्हणून हिशेबही मीच पाहत होतो.

पहिला तोटा पहिल्याच महिन्यात झाला. दुकानदाराच्या सांगण्यावरून भाच्याने प्रत्येक टाकीत मोटरवाला फिल्टर बसवला. रात्री मादीने तीसेक पिल्ले घातली. सकाळी टाकीत चार उरली होती, बाकीची फिल्टरने ओढून घेतली होती. भाच्याचा फोन आला, "मामू, माल आपल्याच मशीनने खाल्ला."

स्पंज फिल्टरमध्ये ही भीती नाही. हवेचा पंप टाकीबाहेर असतो. त्याच्या नळीतले बुडबुडे स्पंजच्या मधल्या पाइपातून वर चढतात, त्यांच्याबरोबर पाणी वर जाते आणि त्याच्या जागी नवे पाणी स्पंजमधून हळूहळू आत येते. कचरा स्पंजमध्ये अडकतो. त्याच छिद्रांत बारीक जिवाणू राहतात. ते माशांच्या घाणीतल्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन्ही पिल्लांना विष आहेत. तिसरे त्या मानाने सौम्य असते आणि पाणी बदलले की कमी होते.

स्पंज घेताना मी कापडासारखा पोत पाहतो. विट्याच्या मागावर इंचातले धागे मोजतात, तशी इथे इंचातली छिद्रे मोजतात. वीसच्या आसपासचा भरड स्पंज मोठ्या माशांना चालतो. पिल्लांसाठी तीस किंवा थोडा अधिक बारीक घ्यावा. त्याहून फार बारीक घेतला तर तो लवकर तुंबतो. एक फूट लांब, आठ इंच रुंद व आठ इंच उंच टाकीत साडेबारा लिटर पाणी मावते. तिला मुठीएवढा एक स्पंज पुरतो. दीड फुटी टाकीला दोन स्पंजचा जोड फिल्टर घ्यावा, म्हणजे एक या आठवड्यात आणि दुसरा पुढच्या आठवड्यात धुता येतो. बुडाला वजन आहे ना, तेही पाहावे, नाहीतर फिल्टर तरंगतो.

गादीचा फोम कापून वापरू नये. त्यात रंग किंवा रसायन असू शकते. हा उद्योग मीच सुचवला होता, कारण शेजारच्या गादीवाल्याकडे तुकडे फुकट मिळतात. भाच्याने ऐकले नाही, हे बरे झाले.

दुसरा तोटा धुण्यात झाला. घरात कोणीतरी स्पंज नळाखाली स्वच्छ पिळून काढला. नळाच्या क्लोरीनने जिवाणू मेले आणि तीन दिवसांत पिल्ले गेली. स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोन-चार वेळा दाबावा, बस्स. नव्या स्पंजमध्ये जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून तो आधी मोठ्या माशांच्या टाकीत चालवावा आणि मग पिल्लांकडे न्यावा. भाचा आता दोन स्पंज नेहमी असे शिलकीत ठेवतो.

खर्चाचे म्हणाल तर पाच वॅटचा पंप रात्रंदिवस चालला तरी महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास वीज जाते. मोठा पंप घेऊन छोट्या वॉल्व्हने अनेक टाक्यांना हवा वाटता येते. बेट्टाच्या पिल्लांना हवा अगदी मंद ठेवावी. पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगावा किंवा नळीत नॉन-रिटर्न वॉल्व्ह घालावा. वीज गेली की पाणी नळीतून उलटे पंपात येते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा भाच्याच्या गल्लीत पाणी शिरले नाही, पण वीज चार दिवस नव्हती. त्याने मासे उपाशी ठेवले आणि दर तासा-दोन तासांनी मगाने पाणी उंचावरून ओतत राहिला. फिल्टर बंद राहिल्याने स्पंजला कुबट वास सुटला होता, म्हणून वीज आल्यावर तो टाकीबाहेर धुऊन मगच चालू केला. निम्मी पिल्ले वाचली. त्यानंतर मी साताऱ्याहून पहिली वस्तू पाठवली ती बॅटरीवर चालणारा पंप.