राष्ट्र भूमीचे की माणसांचे?

राष्ट्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नकाशा उभा राहतो. परंतु जिथे एकाच शहरात दोन-तीन भाषिक समाज नांदतात, तिथे सीमारेषा आखायची कोठे? ऑस्ट्रियातील समाजवाद्यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर मला आजही विचारार्ह वाटते.

हाब्सबर्ग साम्राज्यात जर्मन, चेक, पोलिश, युक्रेनियन, स्लोव्हेन असे अनेक समाज होते. पोटामागे चेक कामगार जर्मन शहरांत जात. मग शाळेची आणि कचेरीची भाषा कोणती, यावरून तंटे होत. १८९९ साली ब्र्यून (आजचे ब्रनो) येथील अधिवेशनात समाजवादी लोकशाही पक्षाने साम्राज्याचे लोकशाही संघराज्य करण्याची मागणी केली. तिचा आधार मात्र प्रदेश हाच होता.

त्याच वर्षी कार्ल रेनर यांनी टोपणनावाने निराळा विचार मांडला. धर्म माणसाबरोबर जातो, तसे राष्ट्रीयत्वही जावे. प्रत्येकाने आपले राष्ट्रीयत्व स्वतः नोंदवावे. ते लोक कोठेही राहोत, त्यांच्या निर्वाचित मंडळाने शिक्षण व संस्कृतीचा कारभार पाहावा. बाकीचा कारभार सर्वांच्या सामाईक राज्याकडे राहावा. ऑटो बाउअर यांनी १९०७ च्या आपल्या ग्रंथात या विचाराला तात्त्विक बैठक दिली. समान इतिहास भोगताना घडलेला समान स्वभाव, ही त्यांची राष्ट्राची व्याख्या.

लेनिनने यावर कडाडून टीका केली. मातृभाषेतून शिक्षण त्याला मान्य होते. पण शाळांचा कारभारच राष्ट्रीयत्वानुसार विभागला, तर कामगारवर्ग दुभंगेल, असे त्याचे म्हणणे. १९१३ मध्ये स्टालिनने हीच बाजू मांडली. ही भीती निराधार नव्हती. ऑस्ट्रियातच चेक कामगारांच्या संघटना वेगळ्या झाल्या आणि १९११ मध्ये त्यांच्यातील एका गटाने वेगळा पक्षही काढला.

तथापि नकाशानेही प्रश्न सुटला नाही. १९१८ मध्ये साम्राज्य कोसळले आणि नव्या चेकोस्लोव्हाकियात तीस लाखांहून अधिक जर्मन अल्पसंख्य ठरले. रेषा बदलली, अल्पसंख्यांचे दुःख राहिले. उलट एस्टोनियाने १९२५ च्या कायद्याने अल्पसंख्यांना सांस्कृतिक स्वायत्तता दिली. तेथील जर्मन व ज्यू समाजांनी आपापली मंडळे निवडून शाळा चालवल्या. १९४० मध्ये सोव्हिएत सत्ता येताच ही व्यवस्था संपली.

माझ्या मते, स्वायत्तता माणसाला शेजाऱ्यापासून तोडणारी नसावी, हा लेनिनचा इशारा रास्त आहे. पण स्थलांतराने माणसाची भाषा हिरावली जाऊ नये, हा रेनरचा आग्रह त्याहून मोलाचा आहे.