फक्त पाहा, दुरुस्त करायला जाऊ नका

साठच्या दशकात पोर्टलंडच्या ओरेगॉन मेडिकल स्कूलमध्ये सर्जनकडून रेडिओलॉजी विभागाला एक चिठ्ठी आली. पेशंटच्या रक्तवाहिन्यांचे फोटो हवे होते. सोबत ताकीद होती, की फक्त पाहा, दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. रोख विभागप्रमुख चार्ल्स डॉटर यांच्यावर होता. तसं बघायला गेलं तर त्या सर्जनचंही चुकत नव्हतं. रेडिओलॉजिस्टनं फिल्म वाचावी, रिपोर्ट द्यावा आणि पेशंट परत पाठवावा, अशीच तेव्हा कामाची वाटणी होती.

ती वाटणी मोडायला मात्र बराच काळ लागला. रक्तवाहिन्या साध्या एक्स-रेत दिसत नाहीत, ही मूळ अडचण. रॉन्टगेन यांचा एक्स-रेचा शोध जाहीर होऊन महिनाही उलटला नव्हता, तोच जानेवारी १८९६मध्ये व्हिएन्नात हाश्चेक आणि लिंडेनथाल यांनी मृतदेहाच्या हाताच्या रक्तवाहिन्यांत अपारदर्शक मिश्रण भरून त्यांचं जाळं फिल्मवर आणलं. जिवंत माणसात हे करायचं तर औषध विषारी असून चालणार नव्हतं. १९२७ साली लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्या दाखवल्या खऱ्या, पण त्याआधीच्या प्रयत्नांत एक पेशंट दगावला होता.

खरी किल्ली सापडली ती स्टॉकहोममध्ये. तोवर रक्तवाहिनीत औषध सोडायची नळी, म्हणजे कॅथेटर, सुईच्या पोटातून आत सरकवावी लागे. म्हणजे नळीपेक्षा सुई जाड, आणि धमनीला भोक त्याहून मोठं. तरुण रेडिओलॉजिस्ट स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी क्रमच बदलला. आधी बारीक सुई टोचायची, तिच्यातून लवचीक तार आत सोडायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी सरकवायची. मग तारही बाहेर. १९५३ साली हे छापून आलं. एवढ्याशा युक्तीवर डॉक्टरेट कशी द्यायची, असं विद्यापीठातल्या वरिष्ठांना वाटलं आणि सेल्डिंगर यांना प्रबंधासाठी दुसरा विषय घ्यावा लागला. आज आयसीयूत सेंट्रल लाइन टाकणारा ज्युनियर रेसिडेंटही याच क्रमानं हात चालवतो.

डॉटर १९५२ साली, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी विभागप्रमुख झाले होते. १९६३मध्ये एका पेशंटच्या महाधमनीचा फोटो काढताना त्यांची नळी मांडीच्या वरची बंद पडलेली धमनी पार करून गेली आणि वाट मोकळी झाली. ध्यानीमनी नसताना झालेला हा इलाजच होता. त्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियातल्या कार्लोवी व्हारीच्या परिषदेत त्यांनी सांगून टाकलं, की कॅथेटर हे सर्जनच्या सुरीच्या जागी वापरता येईल.

अवजारं बाजारात नव्हती, तेव्हा जुगाड. शिकागोच्या रेडिओलॉजी संमेलनात बिल कुक नावाचा एक नवा उद्योजक स्टॉलवर ब्लोटॉर्चनं टेफ्लॉनच्या नळ्या तापवून कॅथेटर बनवून दाखवत होता. डॉटर यांनी ती टॉर्च आणि नळ्या हॉटेलच्या खोलीवर नेल्या आणि रातोरात दहा कॅथेटर तयार करून दिले. कुकनं ते दुसऱ्या दिवशी विकलेसुद्धा! गिटारच्या तारा, गाडीच्या स्पीडोमीटरची केबल, काहीही त्यांच्या प्रयोगांतून सुटलं नाही.

मग १६ जानेवारी १९६४ उजाडला. ८२ वर्षांच्या एका बाईचा डावा पाय गँगरीननं चालला होता. सर्जन पाय कापायचा म्हणत होते, बाई ठाम नकार देत होत्या. एक्स-रेत मांडीच्या धमनीत एक छोटीशी, घट्ट अरुंद जागा दिसत होती. डॉटर यांनी तिच्यातून तार पार केली, तारेवरून सुमारे अडीच मिलिमीटरची नळी घातली आणि तिच्यावरून पाच मिलिमीटरची. बलून नाही, स्टेंट नाही, नुसतं आतून रुंद करणं. काही मिनिटांत गार पडलेलं पाऊल गरम झालं. पुढे जखमही भरली आणि बाई अखेरपर्यंत स्वतःच्या दोन पायांवर चालल्या. त्याच नोव्हेंबरात डॉटर आणि सहकारी मेल्विन जडकिन्स यांनी ‘सर्क्युलेशन’मध्ये ९ पेशंटच्या ११ पायांचा अहवाल दिला.

अमेरिकेत फारसं कुणी मनावर घेतलं नाही. डॉटर यांचा स्वभावही हातभार लावत असावा. ‘क्रेझी चार्ली’ हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. विद्या तगली युरोपात. जर्मनीत एबरहार्ट त्साइटलर यांनी ती उचलली, त्यांच्याकडून आंद्रेआस ग्रुंटझिग यांच्यापर्यंत पोहोचली, आणि ग्रुंटझिग यांनी झुरिकमध्ये घरच्या स्वयंपाकघरात बलून बनवले. १९७४मध्ये पायाची धमनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी हृदयाची. पोर्टलंडमध्येही काम थांबलं नव्हतं. चेकोस्लोव्हाकियातून आलेले योसेफ रोश आणि डॉटर यांनी १९७२ साली पोटातल्या रक्तस्रावाची धमनी नळीतूनच बुजवल्याचं प्रसिद्ध केलं. उघडता येतं तसं बंदही करता येतं, हे दिसलं. १९८५ साली मात्र काळानं विचित्र खेळ केला. जडकिन्स, डॉटर, हृदयाच्या अँजिओग्राफीचे जनक मेसन सोन्स आणि विमान अपघातात ग्रुंटझिग, चौघंही एकाच वर्षात गेले.

नळीतून होणाऱ्या इलाजांची पुढची यादी लांबलचक आहे. त्यात मेंदूतल्या धमनीला आलेल्या फुग्यावरच्या (अॅन्युरिझम) इलाजाचा निकाल सर्वांत बोलका. २००२च्या आयसॅट चाचणीत २१४३ पेशंट होते. वर्षभरानं मृत्यू किंवा परावलंबित्व कवटी उघडून क्लिप लावलेल्यांत ३०.६ टक्के, तर नळीतून कॉइल घातलेल्यांत २३.७ टक्के आढळलं.

हद्दीचा वाद तेवढा मिटलेला नाही. हृदयाची अँजिओप्लास्टी केव्हाच कार्डिओलॉजिस्टकडे गेली आणि पायाच्या धमन्यांत आता व्हॅस्क्युलर सर्जन स्वतःच बलून घालतात. अमेरिकेत नळीतून इलाज करणाऱ्या या शाखेला, म्हणजे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीला, स्वतंत्र विद्याशाखा म्हणून मान्यता मिळायला २०१२ साल उजाडलं. भारतातही तिची डीएम पदवी आहे, पण मधुमेहानं पाऊल काळं पडलेला पेशंट कोणाच्या टेबलावर जाणार, हे बऱ्याचदा तो आधी कोणत्या ओपीडीच्या रांगेत उभा राहिला यावरच ठरतं.