मथळ्यात न आलेला आकडा

ऑक्टोबर 2024 मध्ये एक बातमी मोबाइलवरून गावोगाव फिरली : चिनी संशोधकांनी क्वांटम संगणक वापरून लष्करी दर्जाची सांकेतिक कुलुपं फोडली. मी माहूरला गणित शिकवतो. एका पालकांनी काळजीनं विचारलं, "सर, बँकेतला पैसा राहील ना?" कापसाची वर्षभराची कमाई खात्यात असलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. त्याचं उत्तर गणितात आहे.

ऑनलाइन व्यवहारांचं रक्षण करणाऱ्या पद्धतींपैकी आरएसए ही 1977 सालची. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं. पण नुसत्या गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणं महाकठीण. प्रत्यक्ष वापरातला असा गुणाकार साधारण 2048 बिटचा, म्हणजे 617 अंकी असतो. शांघाय विद्यापीठाच्या संशोधकांनी डी-वेव्ह कंपनीच्या क्वांटम यंत्रावर फोडलेली संख्या 22 बिटची, म्हणजे सात अंकी होती. अशा संख्येचा एक तरी अवयव 2048 च्या आत असतो, आणि 2048 च्या आतल्या मूळ संख्या फक्त 309. त्या मूळ संख्यांनी एकेक करून भागत गेलं की तिचे अवयव मिळतातच. नववीतला चिकाटीचा विद्यार्थी वहीवर हे करू शकतो. शोधनिबंधातला 22 हा आकडा मथळ्यांनी गाळला आणि भीती तेवढी घरोघर पोहोचवली.

धोका खोटा आहे, असं मी म्हणत नाही. पुरेसा मोठा क्वांटम संगणक हे कुलूप उघडू शकेल, हे पीटर शोर यांनी 1994 मध्येच दाखवलं. पण गूगलच्या संशोधकाच्या 2025 मधल्या अंदाजानुसार त्यासाठी दहा लाखांच्या आसपास क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकातले बिट, लागतील. गूगलच्याच 'विलो' चिपमध्ये आहेत 105. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 2024 मध्ये 6 क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाली. उणे 273 अंशांच्या जवळपास चालणारं हे यंत्र आपल्या माणसांनी उभं केलं, याचा मला अभिमान आहे. फुगवलेल्या मथळ्यांपुढे असं खरं काम किरकोळ वाटू लागतं, हे मोठं नुकसान आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचंही तसंच. बारामतीच्या ऊसशेतीतल्या प्रयोगाचं मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेला यांनी 2025 मध्ये कौतुक केलं. प्रयोग मोलाचा आहे. पण तो बागायती उसावरचा. माहूर-किनवटच्या कोरडवाहू कापसाला तोच निष्कर्ष लावायचा, तर आधी इथल्या शिवारात प्रयोग व्हायला हवा.

म्हणून बातमी वाचताना तीन प्रश्न विचारा : नेमकं काय केलं? किती मोठं केलं? तपासलं कोणी?

त्या पालकांना मी सांगितलं ते सगळ्यांनाच सांगतो : आज खातं रिकामं होतं ते अनेकदा फोनवर ओटीपी सांगितल्यामुळे. तो कुणालाही सांगू नका.