पोटावरच्या पिशवीला घाबरून उपाशी राहू नका

टायफॉइडने आतड्याला भोक पडलं म्हणून आमच्या वस्तीतल्या एका ताईंचं ऑपरेशन झालं. लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून त्याला पिशवी लावली. यालाच इलिऑस्टॉमी म्हणतात. महिना उलटला तरी टाक्यांची जखम ओलीच, पिशवीभोवतीची कातडी सोललेली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, त्या दिवसाला एकच भाकरी खात होत्या, पाणी घोटभर. सार्वजनिक संडासाला रांग, पिशवी रिकामी करायची कुठे? मग खाणंच कमी केलं.

पण उपाशी राहिलं तरी आतड्यातून पाणी येतच राहतं, आणि जखम भरायला लागणारी प्रथिनं मात्र मिळत नाहीत. अंडी, डाळ, मासे, दही थोडंथोडं पाच-सहा वेळा खा. शेंगदाणे, मका, खोबरं पहिले दीड महिना नको, आतड्यात अडकतं. पिशवी एक तृतीयांश भरली की घरातच झाकणाच्या डब्यात रिकामी करा, डबा नंतर संडासात ओता. यात लाज कसली?

कातडी सोलते ती बहुतेक वेळा चकतीचं भोक मोठं कापल्यामुळे. ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे आतड्याचं तोंड आकसत जातं, आपण मात्र पहिल्याच मापाने कापत राहतो. ताईंचंही तेच झालं होतं. दर वेळी माप घ्या, भोक तोंडापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं ठेवा. नुसत्या पाण्याने धुऊन कोरडं करा. खोबरेल किंवा हळद लावू नका, चकती चिकटत नाही आणि पुन्हा गळती होते. पिशवी सकाळी उपाशीपोटी बदलावी, तेव्हा कमी वाहतं.

पिशवीत दिवसाला अर्धा-पाऊण लिटर येणं ठीक. दीड लिटरच्या वर गेलं तर नुसतं पाणी ढोसू नका, त्याने आणखी वाहतं. ओआरएस घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा). आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तोंड काळं-निळं पडलं, चार-सहा तास काहीच न येता पोट दुखून उलट्या झाल्या, लघवी कमी झाली, ताप आला किंवा जखमेतून पू आला, तर रात्रीची वाट बघू नका.

बऱ्याच जणांची पिशवी तात्पुरती असते. ती कधी बंद करणार, हे सर्जनला विचारून कागदावर लिहून घ्या.