रात्रभर चालणारा स्वयंपाक

भारतातील पुष्कळ घरांत उद्याच्या जेवणाची तयारी आज रात्रीच सुरू होते. तमिळनाडूत भिजलेले तांदूळ आणि उडदाची डाळ वाटून ते पीठ पातेल्यात झाकून ठेवतात. पंजाबात राजमा किंवा काबुली हरभरा पाण्यात भिजत पडतो. महाराष्ट्रात दिवसभर भिजलेली मटकी उपसून फडक्यात बांधली जाते. ओडिशात उरलेल्या भातात पाणी घालून तो दुसऱ्या दिवशीच्या ‘पखाळ’साठी राखून ठेवतात. दिवे मालवले जातात, घर झोपी जाते. परंतु स्वयंपाकघरातील काम थांबत नाही. दाणे पाणी शोषून फुगतात, बीजात सुप्त असलेला अंकुर जागा होतो आणि डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव पिठात वाढू लागतात.

हे सर्व पदार्थ साधे, स्वस्त आणि वनस्पतिजन्य आहेत. त्यांना पैसा थोडा लागतो, पण वेळ पुष्कळ लागतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत अर्धीच खरी होय. स्वयंपाकाचा वेळ दोन प्रकारचा असतो: एक राबण्याचा, दुसरा वाट पाहण्याचा. मटकी धुऊन भिजत घालणे, उपसून बांधणे आणि शेवटी शिजवणे ह्यांत हातांना तासाभराहून अधिक काम क्वचितच पडते. मात्र भिजत घातल्यापासून पानात वाढेपर्यंत दीड दिवस सहज जातो. अन्नाचा कस वाढवणारी बरीचशी कार्ये ह्या दुसऱ्या प्रकारच्या वेळातच घडून येतात.

धान्य आणि कडधान्य ह्यांची जोडी

वरणभात, डाळरोटी, खिचडी, राजमा-भात, इडली-सांबार, पिठले-भाकरी ही भारताच्या निरनिराळ्या भागांतील रोजची अन्ने आहेत. नावे आणि चवी वेगळ्या असल्या तरी त्यांची रचना एकच आहे. प्रत्येकात एक धान्य आणि एक कडधान्य आहे.

शरीराची वाढ आणि झीज भरून काढणे हे काम प्रथिने करतात. प्रथिने अॅमिनो आम्लांची बनलेली असतात आणि त्यांपैकी काही शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. तांदूळ, गहू, ज्वारी ह्यांच्या प्रथिनांत लायसीन नावाचे आम्ल कमी असते. डाळींत ते भरपूर असते. उलट डाळींत मेथिओनीन कमी, तर धान्यांत ते त्या मानाने अधिक असते. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. म्हणून नुसता भात किंवा नुसती डाळ खाण्यापेक्षा दोन्ही मिळून खाल्ल्यास त्यांतील प्रथिनांचा उपयोग शरीराला अधिक चांगला होतो. त्यातही शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ७ ते ८ ग्रॅम प्रथिने असतात, तर तेवढ्याच डाळीत २० ग्रॅमांहून अधिक. त्यामुळे वरण पातळ होत गेले की जेवणाचा कस किती उतरतो, हे सहज ध्यानात येईल.

भिजवणे आणि मोड आणणे

कोरडे कडधान्य हे झोपलेले बीज होय. त्यातील अन्नसाठा भावी रोपासाठी जपून ठेवलेला असतो. लोह आणि जस्त ही खनिजे त्यात असतात, पण फायटिक आम्ल त्यांना धरून ठेवते. त्यामुळे आतड्यांतून ती शरीरात पुरेशी शोषली जात नाहीत. दाणे पाण्यात भिजले की बीज जागे होते. त्यातील विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, कामाला लागतात आणि फायटिक आम्लाचे विघटन होऊ लागते. पोटात वायू धरण्यास कारण होणाऱ्या काही शर्करा भिजवणाच्या पाण्यात उतरतात, काही अंकुर आपल्या वाढीसाठी वापरतो. म्हणूनच मोड आलेले कडधान्य पचनास हलके वाटते.

ह्याहून नवलाची गोष्ट अशी की, कोरड्या कडधान्यात जवळजवळ नसलेले जीवनसत्त्व ‘क’ मोड येताना नव्याने तयार होते. ह्या जीवनसत्त्वाच्या अभावी हिरड्यांतून रक्त येणे, सांधे दुखणे, जखमा न भरणे अशी लक्षणे असलेला स्कर्व्ही हा रोग होतो. पहिल्या महायुद्धात ह्या रोगाने आजारी पडलेल्या सर्बियन सैनिकांपैकी काहींना ताज्या लिंबाचा रस, तर काहींना मोड आलेल्या शेंगदाण्यांवर्गीय बिया, म्हणजे घेवड्यासारखी कडधान्ये, देण्यात आली. ब्रिटिश वैद्य विल्टशायर ह्यांनी १९१८ साली प्रसिद्ध केलेल्या टिपणानुसार मोडांचा गुण लिंबाच्या रसापेक्षा कमी ठरला नाही. ताजी फळे दुर्मिळ असलेल्या ठिकाणी मूठभर कडधान्य, पाणी आणि दोन दिवसांचा अवधी एवढ्यावर हे काम होऊ शकते.

तथापि हे जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते. उसळ फार वेळ रटरटत ठेवू नये. मोड नुकते शिजताच उतरवावी. उबदार ओलावा जसा अंकुराला मानवतो तसा रोगजंतूंनाही मानवतो, ह्याचाही विसर पडू नये. मोड आणताना पाणी व फडके स्वच्छ असावे. आणि लहान मुले, गर्भवती स्त्रिया व वृद्ध ह्यांना मोड कच्चे न देता वाफवून द्यावेत.

आंबवण्याचे कार्य

इडलीच्या पिठात बाहेरून खमीर घालावे लागत नाही. ल्यूकोनॉस्टॉक कुळातील व त्यांसारखे इतर सूक्ष्मजीव डाळ-तांदळाबरोबर आपोआप येतात. रात्रभरात ते पिठातील शर्करा खाऊन लॅक्टिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण करतात. आम्लामुळे पिठाला आंबूस चव येते आणि अनेक अपायकारक जंतूंच्या वाढीस आळा बसतो. वायूमुळे पीठ फुगते. उडदातील चिकट द्रव्य हा वायू धरून ठेवते. उडदाऐवजी दुसरी डाळ घेतल्यास इडली तशी हलकी होत नाही, ह्याचे कारण हेच होय. गुजरातचा आंबवलेला ढोकळा ह्याच तत्त्वावर फुलतो.

उन्हाळ्यात पीठ लवकर फुगते, थंडीत त्याला अधिक तास लागतात. घाईसाठी सोडा घातला तर फुगण्याचे काम तेवढे होते. आंबवण्यामुळे होणारे इतर बदल मात्र होत नाहीत. शिवाय सोड्याच्या क्षारतेमुळे थायमीन, म्हणजे जीवनसत्त्व ‘ब-१’, नाश पावते. डाळ लवकर शिजावी म्हणून तीत सोडा टाकण्याची सवयही ह्याच कारणाने सोडून द्यावी.

एका परंपरेची परीक्षा

थायमीनची महती भारताला एका रोगामुळे कळली. त्याच्या अभावी बेरीबेरी हा रोग होतो. त्यात नसा दुर्बळ होतात आणि हृदयावरही परिणाम होतो. यंत्राने पांढराशुभ्र सडलेला कच्चा तांदूळ हेच जेथे मुख्य अन्न होते, तेथे हा रोग आढळे. आंध्र किनाऱ्याचा उत्तर भाग त्यासाठी कुप्रसिद्ध होता. ह्या रोगाच्या अभ्यासासाठी रॉबर्ट मॅककॅरिसन ह्यांनी १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे एक लहानशी प्रयोगशाळा सुरू केली. तीच पुढे वाढत जाऊन १९५८ साली हैदराबादला गेली आणि १९६९ साली राष्ट्रीय पोषण संस्था ह्या नावाने ओळखली जाऊ लागली.

उकडा तांदूळ खाणाऱ्या प्रदेशांत बेरीबेरी का होत नाही, ह्याचे उत्तर संशोधनातून मिळाले. केरळ, बंगाल, कोकण आदी भागांत भात सडण्यापूर्वी भिजवून, वाफवून मग वाळवण्याची जुनी रीत आहे. त्या वेळी कोंड्याजवळचे थायमीन दाण्याच्या आतल्या भागात उतरते; नंतर तांदूळ सडला तरी ते सर्वस्वी वाया जात नाही. भिजवण्या-वाळवण्यात जाणारे दिवस ज्यांना निरर्थक वाटले असतील, त्यांचेच अन्न अधिक सुरक्षित ठरले होते. प्रत्येक जुनी रीत शास्त्रशुद्ध असतेच असे नाही. परंतु ती टाकून देण्यापूर्वी तपासून पाहावी, एवढा धडा ह्या इतिहासातून अवश्य मिळतो.

विस्तव: सावकाश, पण पुरता

सावकाशपणा म्हणजे अर्धवट शिजवणे नव्हे. राजम्याच्या कच्च्या दाण्यात असे एक प्रथिन असते की, ते नष्ट न झाल्यास काही तासांत उलट्या आणि पोटदुखी सुरू होते. राजमा रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे, नव्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळ उकळावा आणि मगच आंच मंद करावी. केवळ मंद आंचेवर ठेवलेला राजमा मऊ झाला तरी निर्धोक असेलच असे नाही.

डाळ शिजत नसेल तर दोष पुष्कळदा पाण्याचा किंवा क्रमाचा असतो. जड पाण्यातील कॅल्शियममुळे दाण्यांची साले चिवट राहतात. आम्लानेही तसेच होते. म्हणून चिंच, आमसूल किंवा टोमॅटो डाळ मऊ झाल्यावरच घालावेत. उंच प्रदेशात अडचण वेगळी असते. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे; तेथे पाणी सुमारे ८८ अंश सेल्सियसलाच उकळते. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडली गेल्याने तापमान त्याहून बरेच वर जाते, आणि म्हणून तेथे तो चैनीची नव्हे तर गरजेची वस्तू ठरतो.

राबणे कमी करून वाट पाहण्याचा वेळ कामाला लावणारे एक साधन बंगालमध्ये निर्माण झाले होते. वैद्य इंदुमाधव मल्लिक ह्यांनी १९१० साली ‘इक्मिक कुकर’ तयार केला. एकावर एक रचलेल्या डब्यांत भात, डाळ व भाजी ठेवून तळाशी कोळशाची शेगडी पेटवावी, आणि आपल्या कामास निघून जावे. परत येईपर्यंत वाफेवर जेवण सिद्ध होई.

पानातील लिंबाची फोड

२०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रिया आणि ६ ते ५९ महिने वयाची ६७ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. परंतु लोहाची कमतरता हे त्यांतील एक मोठे कारण होय. वनस्पतींतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. जीवनसत्त्व ‘क’ त्याचे रूपांतर शोषणास सुलभ अशा स्वरूपात करते. आमटीवर पिळलेले लिंबू, आवळ्याची चटणी, कच्ची कोशिंबीर ह्यांचे मोल म्हणूनच चवीपुरते नाही. उलट जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा लोहाच्या शोषणास अडथळा करतो. तो तासाभराने घ्यावा. मात्र रक्तक्षय जडला असल्यास आहाराबरोबर वैद्यकीय उपचारही हवेतच.

शाकाहाराची एक मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. जीवनसत्त्व ‘ब-१२’ धान्य, डाळी व भाज्यांतून भरवशाने मिळत नाही. दूध, दही, ताक ह्यांतून ते काही प्रमाणात मिळते. जे तेही घेत नाहीत, त्यांनी वैद्याच्या सल्ल्याने ते निराळे घ्यावे.

हा वेळ कोणाचा?

निवांत जेवणाची प्रशंसा करणे सोपे आहे. परंतु ती निवांतता कोणाच्या श्रमांवर उभी असते, हेही पाहिले पाहिजे. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या कालविनियोग पाहणीत असे दिसून आले की, घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचे त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात. ती कामे करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे. शिवाय अशी कामे करणाऱ्या पुरुषांची संख्याही स्त्रियांच्या मानाने पुष्कळच कमी होती. घरातील सर्वांनी निवांत बसून जेवावे आणि एकीने मात्र चुलीपाशी उभे राहावे, अशा व्यवस्थेला निवांत कुटुंबजीवन म्हणता येणार नाही.

येथेच राबणे आणि वाट पाहणे हा भेद उपयोगी पडतो. डाळ-तांदूळ निवडणे, कडधान्य भिजत घालणे, मटार सोलणे, पालेभाजी खुडणे, पाने घेणे, भांडी घासणे ही कामे दहा-पंधरा मिनिटांची आहेत आणि ती घरातील पुरुषांना व मोठ्या मुलांना सहज करता येतात. मुलाने स्वतः बांधलेल्या मटकीला मोड आलेले पाहिले तर वनस्पतिशास्त्राचा एक पाठ त्याला घरीच मिळतो. जी भाजी आग्रहाविना पुन्हा पुन्हा पानात येते आणि जी मोठी माणसे स्वतः आवडीने खातात, ती मुलेही हळूहळू खाऊ लागतात, हा बालपोषणाच्या अभ्यासकांचा अनुभव आहे. शांतपणे चावून खाल्ल्याने लाळेतील विकराला पिष्टावर काम करण्यास अवसर मिळतो, आणि पोट भरल्याची जाणीवही अधिक खाल्ले जाण्यापूर्वीच होते.

ह्यासाठी खर्चिक साधने नकोत. झोपण्यापूर्वी घरातील कोणीतरी एकाने वाटीभर कडधान्य निवडून, धुऊन पाण्यात घालावे; दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने ते उपसून बांधावे; आणि तिसऱ्या दिवशी उसळ-भाकरीवर लिंबू पिळून सर्वांनी एकाच पंगतीला बसावे. मधले सारे काम पाणी, ऊब आणि वेळ हेच करीत असतात. माणसांनी फक्त आपापला वाटा उचलायचा असतो.